बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग: तारखा, तमिळचा अभ्यास आणि तरंगमबाडीचा छापखाना

पाणवठा (प्रश्न)

लुथरन धर्मपंडित बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्गवर मराठीत एक सविस्तर नोंद तयार करायची आहे, साधारण पंधराशे शब्दांची. मराठीत जे सापडतं ते 'डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला मिशनरी, तमिळ नवा करार छापला' एवढ्यावर थांबतं. जाणकारांकडून पुढच्या गोष्टी हव्या आहेत.

जन्माचं साल कुठे १६८२, कुठे १६८३ दिसतं. मृत्यूचं साल एका इंग्रजी पत्रसंग्रहात १७१८ आहे, इतरत्र १७१९. कोणतं धरायचं आणि घोळ कशामुळे? तो तमिळ नेमका कसा शिकला, म्हणजे कुणाकडून, रोज किती वेळ, कोणत्या पद्धतीने? छपाईत काय अडचणी आल्या? चीजच्या डब्यांच्या शिशातून छपाईचे खिळे (धातूत ओतलेली सुटी अक्षरं) पाडले ही गोष्ट कितपत खरी? आणि त्या काळात तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं, तर त्याचा काही संबंध आला का?

नावाचं लेखनही सांगा. झीगेनबाल्ग, झिगेनबर्ग, सीगनबाग अशी तीन रूपं आत्तापर्यंत दिसली आहेत.

भूर्जपत्र

आधी नाव. जर्मनमध्ये सुरुवातीच्या Z चा उच्चार 'त्स' होतो, तेव्हा 'त्सीगेनबाल्ग' हेच बरोबर. 'झ' इंग्रजीतून आला. 'झिगेनबर्ग' मात्र सरळ चूक आहे, ते वेगळंच आडनाव होतं. तमिळ ख्रिस्ती मंडळींत तो 'सीगनबालगु ऐयर' म्हणून ओळखला जातो. तिथे पाळकाला आदराने ऐयर म्हणतात. त्यावरून त्याला ब्राह्मण ठरवू नये, ही गफलत होऊ शकते.

जन्म १० जुलै १६८२, सॅक्सनीतलं पुल्सनित्स गाव. जुन्या इंग्रजी पुस्तकांत १६८३ छापलं गेलं आणि एकाचं पाहून दुसऱ्याने उतरवलं. तुम्ही १६८२ धरा. मृत्यू २३ फेब्रुवारी १७१९, तरंगमबाडीत (तमिळ किनाऱ्यावरचं डेन लोकांचं बंदर, युरोपीय नाव त्रांकेबार), वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी.

आता १७१८ चा घोळ, कारण तो तुम्हाला पुढेही छळेल. डेन्मार्कने आणि जर्मनीतल्या प्रोटेस्टंट संस्थानांनी १७०० साली नवी म्हणजे ग्रेगोरियन दिनदर्शिका घेतली. इंग्रजांनी ती घेतली १७५२ मध्ये. तरंगमबाडी डेन लोकांची, मद्रास आणि कडलूर इंग्रजांचे. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, काही दिवसांच्या वाटेवर, दोन वेगळ्या तारखा चालत होत्या. फरक ११ दिवसांचा. त्यात इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे तरंगमबाडीचा २३ फेब्रुवारी १७१९ हा मद्रासच्या कागदात १२ फेब्रुवारी १७१८ होतो. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर. नियम असा ठेवा: पत्र कुणी आणि कुठून लिहिलं ते आधी पाहायचं. हाले (जर्मनीतलं शहर, मिशनचा तिकडचा आधार) किंवा कोपनहेगनच्या कागदांतली तारीख जशीच्या तशी घ्यायची. लंडन किंवा मद्रासच्या कागदात ११ मिळवायचे, आणि महिना जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चचे पहिले २४ दिवस असतील तर साल पुन्हा तपासायचं.

शिक्षणाबाबत जपून लिहा. 'हाले विद्यापीठाचा पदवीधर' असं काही ठिकाणी ठोकून दिलेलं असतं. तो हालेला १७०३ मध्ये गेला, तिथल्या भक्तिमार्गी लुथरनांचा पुढारी आउगुस्ट हेर्मान फ्रांके याच्या छत्राखाली. पण तब्येत त्याला कधीच साथ देत नव्हती आणि थोड्याच काळात त्याला शिक्षण सोडावं लागलं. पुढे खासगी शिकवण्या, मग बर्लिनजवळ एका पाळकाच्या जागी बदली काम. तिथे असताना त्याला डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या मोहिमेसाठी विचारणा झाली. कोपनहेगनच्या बिशपने पहिल्या परीक्षेत त्याला आणि त्याचा जोडीदार हाइन्रिश प्ल्यूटशाउ याला नापास केलं. ज्ञान कमी पडलं म्हणून नव्हे. हालेची भक्तिमार्गी लुथरन चळवळ बिशपला संशयास्पद वाटत होती. राजाने फेरपरीक्षा घ्यायला लावली आणि ११ नोव्हेंबर १७०५ रोजी दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नोव्हेंबर अखेरीस 'सोफिया हेडविग' जहाज निघालं, ९ जुलै १७०६ ला तरंगमबाडीसमोर पोचलं.

आल्यावर स्वागत झालं नाही. गव्हर्नर हासिउसला राजाने थेट पाठवलेली माणसं नको होती. तरंगमबाडी चालवायची डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी, आणि कंपनीला व्यापाराशी कर्तव्य. नोव्हेंबर १७०८ मध्ये एका विधवेच्या कर्जाच्या भांडणात त्सीगेनबाल्गने तिची बाजू घेतली. हासिउसने त्याला डान्सबोर्ग किल्ल्यात डांबलं. चार महिने. सुरुवातीला कागद-शाईसुद्धा दिली नाही. मार्च १७०९ मध्ये सुटका झाली. हे प्रकरण नोंदीत अवश्य घ्या, कारण पुढे कोपनहेगनमध्ये मिशनसाठी स्वतंत्र मंडळ नेमावं लागलं त्याची पार्श्वभूमी इथे आहे.

ओलेवाचक

तमिळ शिकण्याबद्दल. याचं उत्तर त्याच्याच पत्रात आहे आणि त्याच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली तीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीला दोघांनी कामं वाटून घेतली. प्ल्यूटशाउने पोर्तुगीज घेतली, कारण किनाऱ्यावरच्या बंदरांत मोडकीतोडकी पोर्तुगीजच चालायची. त्सीगेनबाल्गने तमिळ घेतली. गावातल्या एका वृद्ध पंतोजींना त्यांची शाळा घरात भरवायला सांगितलं. मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवायची, तोही त्यांच्यात बसून गिरवायचा. यातून लिपी आली, अर्थ आला नाही, कारण पंतोजींना पोर्तुगीज येत नव्हती. मग अळगप्पन नावाचा दुभाष्या ठेवला. तो आधी कंपनीकडे होता, त्याला पोर्तुगीज, डॅनिश, जर्मन अशा भाषा येत.

रोजचा क्रम असा. सकाळी ७ ते ८: आदल्या दिवशी टिपलेले शब्द आणि वाक्प्रयोग यांची उजळणी. ८ ते १२: आधी न वाचलेली तमिळ पुस्तकं. समोर एक म्हातारा कवी आणि एक लेखनिक. नवा शब्द आला की लेखनिक लगेच टिपून घेणार, पद्य अवघड असेल तर कवी ते बोली तमिळमध्ये फोडून सांगणार. जेवतानासुद्धा कुणीतरी वाचून दाखवायचं. दुपारी ३ ते ५ पुन्हा वाचन. संध्याकाळी ७ ते ८ दुसऱ्याने वाचायचं आणि त्याने ऐकायचं, म्हणजे दिव्याच्या उजेडात डोळ्यांना त्रास नको. ज्यांची शैली आपल्याला बोलण्या-लिहिण्यात उचलता येईल असेच लेखक निवडले, असंही तो सांगतो. व्याकरण पाठ करून भाषेत शिरायच्या ऐवजी त्याने वाचनाचा डोंगर उपसला.

यात काय अडत होतं ते मराठी वाचकाला सहज कळेल. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरतात, आणि टिंब दाबून दिलं तर पान फाटतं. म्हणून हलन्त दाखवणारं 'पुळ्ळि' हे टिंब बहुधा द्यायचेच नाहीत. म्हणजे समोरचं अक्षर 'क' की 'क्' हे संदर्भावरून ठरवायचं. आपल्याकडे पाय न मोडता 'सत' लिहिलं आणि 'सत्' वाचायचं तसं, पण प्रत्येक ओळीत. ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ऱ्हस्व आणि दीर्घ ओ यांच्या खुणा वेगळ्या नव्हत्या. 'आ'चा काना आणि 'र' हे अक्षर यांचा आकार एकच. त्यातून शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत. मोडी वाचणाऱ्यांना ही जात ओळखीची वाटेल. म्हणून तो म्हातारा कवी शेजारी असणं ही चैन नव्हती, त्याच्याशिवाय पान पुढे सरकलंच नसतं.

दोन वर्षांत, म्हणजे १७०८ पर्यंत, त्याने ताडपत्री पुस्तकांचा संग्रह केला आणि त्याची सूची जर्मनमध्ये लिहिली. 'बिब्लिओथेका मालाबारिका' या नावाने ती ओळखली जाते. तीत ११९ हिंदू आणि जैन तमिळ ग्रंथांच्या नोंदी आहेत: नाव, विषय, कुणाचं, कुठे शिकवतात, काय उपयोग. तिरुक्कुरळ आहे, शिववाक्यम आहे, शाळकरी पोरांची नीतीची पुस्तकं आहेत. त्याच वर्षी नीतिवेण्बा, कोन्रैवेंदन आणि उलगनीति या तीन छोट्या नीतिग्रंथांचा जर्मन अनुवादही केला. पोथ्या मिळवायच्या कशा? लेखनिकांना गावोगावी पाठवायचं. ज्यांच्या घरातला वाचणारा गेला आहे अशा विधवांकडून पोथी स्वस्तात मिळायची. नाही मिळाली तर उतरवून घ्यायची.

शब्दकोशही सुरू केला. तीन रकाने: तमिळ अक्षरांत शब्द, त्याचा उच्चार रोमन अक्षरांत, तिसऱ्यात जर्मन अर्थ. वीस हजारांवर शब्द गोळा झाले, पुढे भर पडत गेली. पद्यातल्या शब्दांचा कोश निराळा. छापला यातला एकही गेला नाही.

एक शब्द सांभाळा: 'मालाबारी'. त्या काळचे युरोपीय तमिळ भाषेला आणि तमिळ लोकांना मालाबारी म्हणत. केरळशी किंवा मल्याळमशी त्याचा संबंध नाही. मराठी नोंदीत 'मलबारी भाषा' लिहिलंत तर सगळा लेख घाटाच्या पलीकडे जाऊन पडेल.

जुळारी

छपाईचं मी लिहितो.

पहिला यंत्रसंच लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक सोसायटीने पाठवला, सोबत पोर्तुगीज शुभवर्तमानाच्या प्रती आणि योनास फिंक नावाचा मुद्रक. १७११ मध्ये फ्रेंचांनी ब्राझीलमधलं रिओ द जानेरो घेतलं तेव्हा हे जहाज त्यांच्या हाती लागलं. खंडणी भरून सुटलं. यंत्र तळाशी ठेवलेलं म्हणून वाचलं, पण फिंक वाटेत आफ्रिकेच्या टोकाजवळ तापाने गेला. १७१२ मध्ये यंत्र पोचलं आणि चालवणारा नाही, अशी गत. कंपनीच्या सैनिकांत छपाईचं काम येणारा एक जर्मन निघाला, त्याच्या हातून पोर्तुगीज छपाई सुरू झाली.

तमिळ खिळे हालेत तयार झाले. इथून लिहून पाठवलेल्या अक्षरांवरून तिथल्या कारागिरांनी ठसे कोरले. पोलादी ठशाच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, तो तांब्यात ठोकून मातृका करायची, मातृका साच्यात बसवून शिसं ओतायचं. लिपी न येणाऱ्या माणसाने हे केलं. खिळे घेऊन योहान गॉटलीब आडलर हा ओतारी-मुद्रक, त्याचा चौदा वर्षांचा धाकटा भाऊ आणि योहान बेर्लिन असे तिघे १७१३ च्या जूनअखेर उतरले. त्याच वर्षी पहिली तमिळ पुस्तिका निघाली.

दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली, खिळ्यांची संख्या. तमिळमध्ये मोजायला २४७ अक्षरं: १२ स्वर, १८ व्यंजनं, त्यांच्या २१६ जोड्या आणि आयदम हे एक खास चिन्ह. सुदैवाने आ, ए, ऐ यांच्या खुणा सुट्या आहेत, म्हणून त्या वेगळ्या खिळ्यांनी भागतात. पण इ, ई, उ, ऊ लागले की अक्षराचा आकारच बदलतो. १८ व्यंजनांना चार, म्हणजे ७२ खिळे नुसते याच चार स्वरांचे. त्यात णा, रा, ना यांची जुनी जोडाक्षरं, लै-नै यांची वळणं (ही १९७८ च्या लिपिसुधारणेपर्यंत टिकली), शिवाय ज, ष, स, ह यांची ग्रंथाक्षरं (संस्कृत ध्वनींसाठीची). पुळ्ळि न देण्याची ताडपत्रावरची सवय ठेवली म्हणून निदान हलन्तांचे खिळे वाचले. एवढं करून खिळे ठेवायची पेटी शंभराच्या वर घरांची झाली. रोमनच्या पेटीवर शिकलेल्या जुळाऱ्याचा (खिळे जुळवणाऱ्याचा) हात तिथे रोज अडखळणार.

दुसरी अडचण मोठी: आकार. हालेचे खिळे थोराड होते. या खिळ्यांनी चार शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्ये हा भाग १७१४ मध्ये छापून झाला. पाच पुस्तकं, म्हणून तमिळ नाव 'अंजु वेद पोत्तगम'. नावातला 'अंजु' बोलीतला आहे, ग्रांथिक तमिळमध्ये 'ऐन्दु' होईल. तोवर युरोपातून आलेला कागद संपत आला. तेव्हा आडलरने तिथेच लहान खिळे पाडले. अक्षराची उंची आणि रुंदी पाव-पाव कमी केली तर जागा नऊ-सोळांश, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त लागते. हिशेबासाठी सांगतो, त्यांचं नेमकं माप हेच होतं असा दावा नाही. कागद किती वाचतो ते मात्र यावरून दिसेल. लहान खिळ्यांत उरलेला नवा करार १७१५ मध्ये पुरा झाला. म्हणून 'छापला कधी?' याचं उत्तर '१७१४-१५' असं द्या. जुनी संपूर्ण प्रत ओळखायची खूणही हीच: प्रेषितांच्या कृत्यांनंतर अक्षर एकदम बारीक होतं.

चीजच्या शिशाची गोष्ट: लंडनच्या सोसायटीने पाठवलेल्या चेशर चीजवर शिशाची आवरणं होती आणि ती वितळवून खिळे ओतले, असं मिशनच्या इतिहासांत सातत्याने येतं. तांत्रिकदृष्ट्या त्यात अशक्य काही नाही. शिसं मऊ असतं, त्यात अँटिमनी आणि थोडं कथील घातल्याशिवाय खिळा दाबाखाली चेपतो, तेव्हा जुन्या झिजलेल्या किंवा जाड खिळ्यांचा धातू मिसळला असणं सयुक्तिक आहे. हे शेवटचं वाक्य माझा तर्क म्हणून वाचा, नोंदीत घालू नका.

कागदासाठी १७१५ च्या सुमारास पोरैयारला, तरंगमबाडीच्या वेशीवर, कागदगिरणी उभारली. खिळ्यांची ओतशाळा आणि शाई करणंही तिथेच. गिरणी फार चालली नाही. छापखाना तगला.

पाणवठा

फार मोलाचं मिळालं. आणखी तीन विचारतो. 'भारतातला पहिला छापखाना' आणि 'पहिलं तमिळ छापील पुस्तक' अशी बिरुदं बऱ्याच ठिकाणी दिसतात, ती लावावीत का? त्याचे हिंदू धर्मावरचे ग्रंथ दीडशे वर्षं का छापले गेले नाहीत? आणि बायबलमध्ये देवासाठी त्याने कोणता शब्द वापरला?

जुळारी

पहिल्याचं उत्तर: दोन्ही बिरुदं लावू नका. भारतात छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, सेंट पॉल कॉलेजात. तमिळ अक्षरांत छपाई जेझुइट (एका कॅथलिक संघाचा पाद्री) एन्रिके एन्रिकेस याने १५७८ मध्ये कोल्लमला केली, सोळा पानी 'तंबिरान वणक्कम'. पुढे ती परंपरा खंडित झाली. तरंगमबाडीचं श्रेय वेगळं आहे: संपूर्ण नवा करार एखाद्या भारतीय भाषेत प्रथम इथे छापला गेला, आणि तमिळ छपाई इथून पुन्हा धरली ती पुरती तुटली नाही.

मराठी वाचकासाठी तुलनेला एक गोष्ट घालता येईल. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं ते मराठी असूनही रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. शंभर वर्षांनी तरंगमबाडीकरांपुढे हीच भिंत होती आणि त्यांनी खिळे पाडून घेतले. हा फरक मला फार मोठा वाटतो.

भूर्जपत्र

ग्रंथ का पडून राहिले ते.

१७११ मध्ये त्याने 'मालाबारिशेस हाइडेनटुम' लिहिलं, तमिळ लोकांचा धर्म आणि रीतिभाती यांवर. १७१३ मध्ये 'गेनेआलोगी' म्हणजे देवतांची वंशावळ. दोन्ही हस्तलिखितं युरोपात गेली. हालेहून फ्रांकेचा अभिप्राय असा की मिशनऱ्यांना मूर्तिपूजा उखडायला पाठवलं आहे, तिचा प्रसार युरोपात करायला नव्हे. झालं. वंशावळ मद्रासला १८६७ मध्ये विल्हेल्म गेर्मानने छापली, तेव्हा १५४ वर्षं उलटली होती. दुसरा ग्रंथ १९२६ मध्ये डच संस्कृतपंडित विलेम कालांदने ॲम्स्टरडॅमला प्रसिद्ध केला. गेर्मानने मजकुरात स्वतःची भर घातली आहे, म्हणून उद्धृत करायचं तर डॅनियल जेयराजची अलीकडची आवृत्ती घ्या. 'बिब्लिओथेका मालाबारिका' या सूचीसाठी विल स्वीटमनची, २०१२ ची.

वंशावळीची मांडणी बघण्यासारखी आहे. आधी परब्रह्म, 'पराबरवस्तु'. मग त्रिमूर्ती आणि त्यांचे कुटुंबकबिले. मग ग्रामदेवता: ऐयनार, एल्लम्मन, मारियम्मन, अंगाळम्मन, पिडारी. शेवटी देव, ऋषी, द्वारपाल वगैरे. एल्लम्मन म्हणजे आपली रेणुका-यल्लम्मा. संस्कृत ग्रंथांवर विसंबणाऱ्या नंतरच्या युरोपीय पंडितांनी ज्या ग्रामदेवतांकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यांना इथे पूर्ण भाग मिळाला आहे. का? तर त्याने ही माहिती लोकांना पत्रं पाठवून, प्रश्न विचारून मिळवली. तमिळ लोकांनी दिलेली ९९ उत्तरं, आधी ५५ आणि मग ४४, जर्मनमध्ये भाषांतरित होऊन हालेच्या वृत्तांतांत छापलीसुद्धा गेली. ख्रिस्ती लोकांचं काय चुकतं असं विचारल्यावर उत्तर देणारे स्वच्छ सांगतात: गोमांस खाता, दारू पिता, अंघोळ करत नाही. अनुवादकाचा हात फिरला आहे हे ध्यानात ठेवूनही हा ऐवज अपूर्व आहे. नोंदीत या पत्रांना स्वतंत्र परिच्छेद द्या, ही माझी कळकळीची सूचना.

शेवटची वर्षं थोडक्यात. १७१४ च्या अखेरीस तो युरोपात निघाला. प्रवासात तमिळ व्याकरण लिहिलं, ते 'ग्रामातिका दामुलिका' नावाने लॅटिनमध्ये हालेला १७१६ मध्ये छापलं. त्या वर्षी मारिया डोरोथेया साल्त्समानशी लग्न करून परतला. न्यू जेरुसलेम चर्चचा पाया १७१७ मध्ये, उद्घाटन ११ ऑक्टोबर १७१८. त्याच सुमारास कोपनहेगनच्या मिशन मंडळाचा सचिव क्रिस्तियान वेंट याची कडक पत्रं येत होती: इमारती कशाला, शाळा कशाला, प्रेषितांसारखे फिरा. पोटाच्या दुखण्याने आधीच खंगलेल्या माणसाला ती पत्रं फार लागली. चार महिन्यांत तो गेला. त्याच चर्चमध्ये, वेदीसमोर, त्याची कबर आहे. जुन्या कराराचं भाषांतर रूथच्या पुस्तकापर्यंत झालं होतं, उरलेलं त्याच्यानंतरचा मिशनरी बेंयामिन शुल्त्से याने पुरं केलं.

ओलेवाचक

देवासाठी त्याचा शब्द 'सर्वेसुरन', म्हणजे सर्वेश्वर. हा आधीच्या जेझुइटांच्या वापरातला. पुढे नंतरचा लुथरन भाषांतरकार फाब्रिसिउस याने 'पराबरन' केला, आजच्या प्रोटेस्टंट तमिळ बायबलात 'देवन' आहे. तीन शब्दांत तमिळ बायबलाच्या तीन पिढ्या ओळखता येतात. त्याच्या भाषेवर टीकाही झाली. जेझुइट बेस्की हा स्वतः तमिळ महाकवी, त्याने लुथरन तमिळची सालटी काढली. टीकेत तथ्य होतं, त्सीगेनबाल्गची तमिळ बोलीकडे झुकणारी, तरंगमबाडीच्या बाजारातली. पण ती साध्या माणसाने वाचावी हाच हेतू होता. ए आणि ओचा जो लिपीतला घोटाळा वर सांगितला, तो मिटवण्याचं श्रेय मात्र बेस्कीकडे जातं.

भूर्जपत्र यांच्या उत्तराला एक जोड. १७१३ मध्ये छापलेली पहिली तमिळ पुस्तिका म्हणजे 'अक्कियानम', अर्थात 'अज्ञान', मूर्तिपूजेचं खंडन. तीच व्यक्ती त्याच वर्षी ग्रामदेवतांची नावं काळजीपूर्वक टिपत होती. आजच्या लेखांत त्याला निखळ भारतविद्यापंडित करून टाकतात किंवा निखळ धर्मप्रसारक. नोंदीत दोन्ही शेजारी ठेवा, सालासकट. तो स्वतः यात विरोध मानत नव्हता: ज्याला उत्तर द्यायचं त्याचं बोलणं आधी पुरतं ऐकायचं, हे त्याच्या लुथरन शिस्तीत बसत होतं.

कावेरीतीर

तंजावरचा प्रश्न राहिला आहे.

तरंगमबाडी डेन लोकांना मिळाली ती १६२० मध्ये, नायक राजा रघुनाथाकडून, वार्षिक खंडणीवर. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर ती खंडणी भोसल्यांकडे जाऊ लागली. त्सीगेनबाल्ग उतरला तेव्हा गादीवर व्यंकोजींचे पुत्र शाहजी होते (१६८४ ते १७१२), नंतर पहिले सरफोजी (१७१२ ते १७२८). १६९९ मध्ये तंजावरच्या फौजेने तरंगमबाडीला वेढा घातला होता, त्यामुळे दोन्हीकडे संशय ताजा होता. त्याचं काम डेन हद्दीतल्या गावांत आणि इंग्रज वखारींत राहिलं, तंजावरच्या दरबारात त्याचा शिरकाव झाला नाही. त्याच्या पोथ्या आणि माहितगार माणसं मात्र मराठ्यांच्या राज्यातूनच येत होती. मराठी भाषेशी त्याचा थेट संबंध दाखवू नका.

खरा धागा पुढच्या पिढीत आहे. याच मिशनचा क्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्त्स १७५० मध्ये तरंगमबाडीला आला, १७७८ पासून तंजावरला राहिला. तमिळ, फारसी, हिंदुस्तानीबरोबर मराठी शिकला, कारण दरबाराची भाषा ती. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या दुसऱ्या सरफोजींचा सांभाळ त्याच्यावर सोपवला. तुळजाजींचे भाऊ अमरसिंह यांच्या कारभारात मुलाचे हाल होऊ लागले तेव्हा १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवण्यात श्वार्त्सचा पुढाकार होता. श्वार्त्स १३ फेब्रुवारी १७९८ ला वारला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करून घेतलं. श्वार्त्स अंथरुणावर आणि राजा त्याचा हात धरून उभा, असं ते शिल्प आहे, तंजावरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये. थडग्यावरच्या इंग्रजी ओळीही सरफोजींच्या.

आणि १८०५ च्या सुमारास याच सरफोजींनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला, तिथे इसापनीतीचा मराठी अनुवाद 'बालबोधमुक्तावलि' छापला गेला. तरंगमबाडीच्या खिळ्यांपासून तंजावरच्या बाळबोध खिळ्यांपर्यंत सरळ वारसा होता असं म्हणता येणार नाही, मध्ये नव्वद वर्षं आहेत. पण सरफोजी ज्यांच्या हाताखाली वाढले ती माणसं तरंगमबाडीच्या परंपरेतली, एवढं निःशंक लिहा.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. मुखपृष्ठाचं वर्णन नोंदीत द्यायचं आहे, म्हणजे १७१४ च्या प्रतीचं. प्रत्यक्ष पाहायची तर कुठे?

जुळारी

हालेच्या फ्रांके संस्थांच्या ग्रंथालयात बघा, मिशनचा पत्रव्यवहार आणि ताडपत्रंही तिथेच आहेत आणि बराच भाग स्कॅन करून ठेवलाय. मुखपृष्ठावर तमिळ मजकुराबरोबर लॅटिनही आहे. लॅटिनमध्ये जागा 'कोरोमंडल किनाऱ्यावरील त्रांकेबार' अशी आणि मुद्रक म्हणून आडलरचं नाव. वर्णन लिहिताना तमिळ ओळ जशी छापली आहे तशीच उतरवा, आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे टिंबं आणि दीर्घ खुणा घालू नका. सूचिकार नेमकी तिथे सुधारणा करतात, आणि मग मूळ खिळ्यांत काय होतं ते कळायला मार्ग राहत नाही.